अर्धी भाकरी, तीन युनिट: इन्सुलिन घेत कमी कार्ब कसं खायचं

मी पलूस तालुक्यातला ऊस शेतकरी. २००४ साली, एकविसाव्या वर्षी मला टाइप १ मधुमेह निघाला. तेव्हापासून दिवसाला चार सुया. गेली काही वर्षं मी कर्बोदकं, म्हणजे कार्ब, कमी करून जेवतो. गावात कुणाच्या पोराला इन्सुलिन लागलं की घरचे त्याला घेऊन माझ्या ओसरीवर येतात. त्यांना जे सांगतो तेच इथं लिहितोय.

आधी एक गोष्ट पक्की करा. टाइप १ मध्ये शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही. कमी खाल्लं, उपास धरला, ताप आला, तरी रात्रीचं लांब पल्ल्याचं इन्सुलिन बंद करायचं नाही. कार्ब कमी केल्यावर डोस उतरतो, संपत नाही. आणि तो उतरवायचा डॉक्टरांना वही दाखवून. लहान मुलं, गरोदर बाई, किडनीचा त्रास असलेला माणूस यांनी तर डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय हे सुरूच करू नये.

सुरुवातीचे दोन आठवडे खाण्यात काहीही बदलू नका. स्वयंपाकघरात ठेवायचा छोटा डिजिटल वजनकाटा आणा, जेवणाआधी आणि जेवणानंतर दोन तासांनी शुगर बघा, लिहा. आमच्या घरी पहिल्या दिवशी एका भाकरीचं पीठ काट्यावर ठेवलं तर भरलं ६० ग्रॅम. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात साधारण ७० ग्रॅम कार्ब असतात. म्हणजे एका भाकरीत चाळीसेक, आणि मी एका जेवणाला दोन खात होतो. ‘ज्वारीनं शुगर वाढत नाही’ हे मी इतकी वर्षं ऐकत आणि मानत आलो होतो. ३० ग्रॅम कणकेच्या चपातीत वीस-एकवीस ग्रॅम निघाले. धान्य कुठलंही घ्या, खरा फरक थापणाऱ्या हाताचा असतो. गुळाचंही तेच. गुऱ्हाळ दारात असलं तरी गूळ म्हणजे जवळजवळ सगळी साखरच.

आता हिशेब. मला १० ग्रॅम कार्बला १ युनिट लागतं, आणि १ ग्रॅम कार्बनं माझी शुगर चारेक अंकांनी चढते. तुमचे आकडे वेगळे असतील, ते तुमच्या वहीतूनच निघतील. ८० ग्रॅम कार्बच्या जेवणात अंदाज वीस टक्के चुकला तर १६ ग्रॅमची चूक, म्हणजे चौसष्ट अंक इकडं नाहीतर तिकडं. ३० ग्रॅमच्या जेवणात तीच चूक चोवीस अंकांवर थांबते. माझी शुगर आटोक्यात आली ती एवढ्यामुळंच.

माझं आताचं जेवण असं: अर्धी भाकरी, वांग्याची किंवा दोडक्याची भाजी भरपूर, दोन अंडी किंवा पनीर, मेथी-शेपू, वाटीभर दही. सगळे कार्ब मिळून तीसेक ग्रॅम, त्याला तीन युनिट. भात मी सोडला, कारण वाटीभर शिजलेल्या भातातच चाळीस ग्रॅम जातात आणि पोट तर भरत नाही. भूक लागली की मूठभर शेंगदाणे. डाळ-उसळीला लोक नुसतं प्रोटीन समजतात, पण त्यात कार्ब चांगलेच असतात, तेही मोजा.

बदल एकदम करू नका. मी आधी फक्त सकाळची न्याहारी बदलली, आठवड्यानं दुपार, मग रात्र. रात्रीच्या जेवणाला मी घाई केली. भाकऱ्या दोनाची अर्धी केली आणि डोस मात्र आठाचा सहाच. त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची होती. दारं धरायला, म्हणजे उसाला पाणी पाजायला गेलो आणि साडेअकराला सरीतच पाय लटपटायला लागले. मशीनवर आकडा ५२. चहूकडं ऊस, पण दातानं सोलून चघळायची ताकद हातात उरली नव्हती. खिशात ग्लुकोजची पुडी होती म्हणून बांधापर्यंत आलो. तेव्हापासून रानात एकटा जात नाही. शुगर ७० च्या खाली दिसली की १५ ग्रॅम साखर किंवा ग्लुकोज, म्हणजे तीन छोटे चमचे, पाण्यातून घ्या. पंधरा मिनिटांनी परत तपासा, चढली नसेल तर परत तेवढंच. पेढा चालत नाही, त्यातल्या खव्याच्या तुपानं साखर उशिरा लागते. शुद्ध हरपली असेल तर घरच्यांनी तोंडात काहीही न घालता गाडी काढायची.

मटणाच्या दिवशी वेगळंच घडतं. दोन तासांनी शुगर छान दिसते आणि पाच तासांनी २०० च्या पुढं. कार्ब कमी असले की प्रोटीनचीही थोडी साखर होते, सावकाश. डॉक्टरांनी माझा मटणाचा डोस दोन हिश्श्यांत करून दिला. ते मनानं करू नका, एकावर एक सुया चढल्या की मध्यरात्री शुगर पडते.

केटोनच्या पट्ट्या घरात ठेवा. केटोन म्हणजे शरीर साखरेऐवजी चरबी जाळतं तेव्हा तयार होणारी आम्लं. कमी कार्ब खाणाऱ्याच्या लघवीत थोडे केटोन दिसू शकतात. पण शुगर २५० च्या वर आणि केटोन जास्त, किंवा उलट्या, पोटदुखी, जोराजोराचा श्वास असेल, तर सकाळची वाट बघू नका, लगेच दवाखाना. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन यांसारख्या, लघवीवाटे साखर बाहेर काढणाऱ्या गोळ्या चालू असतील तर शुगर फार चढलेली नसतानाही केटोन धोक्याइतके वाढू शकतात, म्हणून त्या गोळ्यांवर असताना असं खाणं सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा.

सिरिंज घेताना टोपण बघा. आपल्याकडं ४० ची आणि १०० ची, म्हणजे एका मिलीत तेवढे युनिट इन्सुलिन असलेल्या, अशा दोन्ही बाटल्या मिळतात. ४० च्या बाटलीला लाल टोपणाची सिरिंज, १०० च्या बाटलीला नारिंगी. १०० चं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजनं ओढलं तर तीनऐवजी साडेसात युनिट अंगात जातात. डोस कमी केलेल्या माणसाला ती चूक फार महागात पडते.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात लाईट गेली तेव्हा फ्रिज बंद पडला. मी बाटल्या प्लॅस्टिकच्या डब्यात घालून, डबा ओल्या फडक्यात गुंडाळून माठात ठेवला आणि माठासकट पाहुण्यांकडं वरच्या गावाला नेला. चालू बाटली थंड सावलीत साधारण चार आठवडे टिकते. फ्रीझरमध्ये मात्र कधी ठेवू नका. गोठलेलं इन्सुलिन परत वितळलं तरी फेकून द्यायचं.