जाडजूड कादंबरी महिनाभर कशी वाचावी

गजानन विजय ग्रंथाचे २१ अध्याय एका बैठकीत, तीन दिवसांत किंवा रोज तीन असे सात दिवसांत वाचायची रीत विदर्भातल्या घराघरांत ठाऊक आहे. ग्रंथ वाटून घ्यायचा, ठरल्या वेळी ठरल्या जागी बसायचं, अध्याय अर्ध्यावर सोडायचा नाही. ८०० पानांच्या कादंबरीलाही हीच शिस्त लागते, फक्त मुदत महिना-सव्वा महिन्याची ठेवा. कारण जाड कादंबरीचं अर्धं सुख पुस्तक मिटल्यानंतरचं असतं. भाजी निवडताना, सिग्नलला गाडी थांबली असताना त्यातली माणसं डोक्यात बोलत राहतात. दोन दिवसांत फडशा पाडला की हे सगळे तास हातचे जातात.

आधी प्रत नीट बघून घ्या. नागपूरच्या सीताबर्डीवर जुनं पुस्तक घेत असाल तर पानांचे आकडे तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. पुस्तक बहुधा १६-१६ पानांच्या घडी घातलेल्या गठ्ठ्यांनी, म्हणजे फर्म्यांनी, बांधलेलं असतं आणि चूक झाली की अख्खा फर्माच चुकतो : ३३ ते ४८ ही पानं दोनदा येतात आणि ४९ ते ६४ गायब असतात. वाचनालयाची प्रत पुन्हा बांधलेली असेल तर मधोमध उघडून बघा. कडेने टाके घालून बांधलेल्या पुस्तकात आतल्या बाजूचा समास शिवणीत जातो, ओळींची शेवटची अक्षरं दिसत नाहीत आणि प्रत्येक पान दाबून धरावं लागतं. अशा प्रतीने मनगट आणि उत्साह दोन्ही आठवड्यात थकतात. दुसरी प्रत मागा. मुदतही तेव्हाच विचारून ठेवा. पंधरा दिवसांची असेल तर मधे दोनदा नूतनीकरण करावं लागेल, त्या तारखा खूणपट्टीवरच लिहा.

नवी कोरी प्रत एकदम मधून उघडू नका. नुसत्या डिंकावर चिकटवलेला कणा तिथेच तडकतो आणि पुढे पानं सुटतात. पुस्तक टेबलावर कण्यावर उभं धरा. पुढचं आणि मागचं मुखपृष्ठ आडवं करा. मग पुढची दहा-पंधरा पानं खाली घेऊन आतल्या कडेवरून बोट फिरवा, तशीच मागची, पुन्हा पुढची, असं करत मध्यापर्यंत या. पाच मिनिटांचं काम आहे, पुस्तक वर्षानुवर्षं टिकतं. आणि मे महिन्यात ते स्कूटरच्या डिक्कीत अजिबात ठेवू नका. नागपूरच्या उन्हात डिक्की तापते, कण्याचा डिंक मऊ पडतो आणि पानांचे गठ्ठे निघून येतात.

आता वाटणी. सुरुवातीची पानं सगळ्यांनाच हळू जातात, म्हणून वेग मोजायचा तो पन्नासाव्या पानानंतर. घड्याळ लावून दहा पानं वाचा. वीस मिनिटं लागली असं धरलं तर ८०० पानांना १६०० मिनिटं, म्हणजे साधारण २७ तास. रोज ५० मिनिटं दिलीत तर २५ पानं होतात आणि ३२ दिवसांत पुस्तक संपतं. हिशेब कागदावर आला की जाडीची धास्ती पुष्कळ उतरते. मात्र रोज आकडा गाठायला प्रकरण मधेच तोडू नका, चार पानं कमी-जास्त झाली तरी चालेल. टॉलस्टॉयची ‘वॉर अँड पीस’ ३६१ छोट्या प्रकरणांची आहे, रोज एक घेतलं तर जवळजवळ वर्षभर पुरते. ‘मृत्युंजय’चे नऊ भाग आहेत आणि कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण, कृष्ण असे निवेदक बदलतात. तिथे भाग संपला की त्या दिवशी थांबलेलं बरं. एका माणसाचा आवाज कानात मुरायच्या आत दुसऱ्याचा सुरू केला तर दोघंही सारखेच वाटायला लागतात.

उन्हाळ्यात दुपारी एक ते चार ही वेळ यासाठी सोन्यासारखी आहे. रस्ते सामसूम, घर निवांत. फक्त कूलरच्या झोतात पुस्तक धरू नका. त्या दमट हवेने पानांच्या कडा लाटांसारख्या वाकतात आणि मग सरळ होत नाहीत. झोत पाठीकडून जाईल असं बसा. किलोभराचं पुस्तक हातात धरून आडवं होऊ नका, मांडीवर उशी घ्या किंवा पोथीचं घडीचं लाकडी स्टँड काढा.

पुष्कळ वाचक अडखळतात ते नावांपाशी. पोस्टकार्डाएवढा जाड कागद घ्या आणि तीच खूणपट्टी करा. पात्र आलं की नाव, कोणाचं कोण, आणि एखादी दिसणारी खूण लिहा : “तोतरा बोलतो”, “लाल शाल”. स्वभाव लिहू नका, तो बदलत जातो. एका घराण्याची माणसं एकाखाली एक ठेवा. रशियन कादंबरीत एकाच माणसाला तीन नावांनी हाक मारतात म्हणून लोक गोंधळतात, पण ती पद्धत आपल्याला परकी नाही. दस्तयेवस्कीच्या ‘ब्रदर्स कारामाझोव्ह’मधला दिमित्री फ्योदोरोविच म्हणजे फ्योदोरचा मुलगा दिमित्री, घरात तोच मित्या. आपणही कागदावर वडिलांचं नाव मधे घालतो आणि घरात बंड्या म्हणतो. पहिल्यांदा येतील तेव्हाच तिन्ही नावं एका ओळीत लिहून टाका.

पुस्तक बाजूला पडतं ते बहुतेकदा दीडशे ते तीनशे पानांच्या पट्ट्यात. एव्हाना चार घरांची ओळख झालेली असते, पण त्यांचे धागे अजून एकमेकांत गुंतलेले नसतात. इथे वाचणाऱ्याचं काही चुकत नाही, लेखक वीण घालत असतो. या टप्प्यात रोजची पानं २५ वरून १५ करा, पण खंड पडू देऊ नका. तीन दिवसांचा खंड पडलाच तर पुन्हा पहिल्या पानावर जायची गरज नाही. कार्ड वाचा, शेवटचं प्रकरण सुरुवातीपासून परत घ्या आणि पुढे चला. लांबलचक वर्णनं, लढाईची किंवा शेतीची पानं गाळू नयेत असं आमचं ठाम मत आहे. अगदीच नको झालं तर भरभर नजर फिरवा आणि पेन्सिलीने समासात बारीक रेघ मारून ठेवा. शंभर पानांनंतर तिथे परतलात की ती पानं बहुधा वेगळी लागतात.

शेवटचं पान झाल्यावर दोन दिवसांच्या आत सुरुवातीची पंधरा पानं पुन्हा वाचा. वाचनालयाची प्रत असेल तर ती परत करण्याआधी हे करा. पहिल्या दिवशी कार्डावर धडपडत उतरवलेली नावं आता दारातून आत येताना पावलांवरून ओळखू येतात, आणि तेव्हा सहज ओलांडलेल्या एखाद्या वाक्यात पुढचं सगळं आधीच ठेवलेलं सापडतं.