खांब आला म्हणजे लाईट आली? बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडच्या वाड्यांनी या चुका टाळाव्यात

दारात खांब उभा राहिला की आपण नारळ फोडून मोकळे होतो. पहिली चूक इथेच. 2004 पासूनच्या सरकारी व्याख्येनुसार शाळा-पंचायतीत वीज आणि निदान 10 टक्के घरांत जोडणी असली की गाव ‘विद्युतीकृत’. उरलेल्यांनी कंदील पुसत बसायचं! तेव्हा कागदावर विसंबू नका. वाडीतली किती घरं राहिलीत ते मोजा आणि ग्रामसभेच्या ठरावात आणा. भीमगड अभयारण्यातल्या वाड्यांची तर गोष्टच वेगळी. तिथे तार ओढायला वनखात्याची परवानगी लागते, नुसतं हेस्कॉमच्या, म्हणजे इथल्या वीज कंपनीच्या, मागे लागून भागत नाही.

दुसरं दुखणं व्होल्टेजचं. आमच्याकडे संध्याकाळी सात वाजले की ट्यूब फडफडायची, मिक्सर घुंऽऽ करून बसायचा. मी आधी स्टॅबिलायझर आणला, मग त्याहून मोठा आणला. शेवटी वायरमन खांबावर चढला आणि सर्व्हिस वायरचा (खांबावरून घरात येणाऱ्या तारेचा) सांधाच खाली घेऊन आला: जळून काळाठिक्कर. दहा मिनिटांचं काम होतं. म्हणून खर्चाआधी शेजारी डोकवा. त्यांची ट्यूब नीट पेटत असेल तर दोष बहुधा तुमच्याच वायरीत. सगळीकडे तीच रड असेल तर टीसी (ट्रान्सफॉर्मर) लांब, तार बारीक नाहीतर लोड जास्त. मग एकट्याने हेलपाटे घालू नका. त्या टीसीवरच्या सगळ्या घरांच्या सह्या घ्या, टीसीचा नंबर लिहा आणि अर्जाची पोच मागा. मराठी अर्जाला कन्नड प्रत जोडा. सीमावाद आपल्या जागी, ट्यूब पेटली पाहिजे.

फ्यूज सारखा उडतो म्हणून जाड तार घालणारे महाभाग गल्लोगल्ली आहेत. फ्यूज वाचतो, वायरिंग जळतं.

कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेत ‘200 युनिट फुकट’ एवढंच ऐकून हीटर लावू नका. माफी 2022-23 च्या तुमच्या सरासरी वापरावर ठरते, वर थोडी सूट. त्यापुढच्या युनिटचे पैसे पडतात आणि 200 ओलांडले की अख्खं बिल भरावं लागतं.

आणि तुमचा बल्ब अचानक भगभगायला लागला, शेजारचा मिणमिणला, तर न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) सुटलाय असं समजा. टीव्ही-फ्रिजकडे धावू नका, आधी मेन स्विच पाडा, मग 1912 ला फोन करा.