जुन्या रँग्लरला दणकट गिअरबॉक्स निवडताना

जीप रँग्लरच्या वायजे (१९८७ ते १९९५) आणि टीजे (१९९७ ते २००६) या मॉडेलांचा गिअरबॉक्स बदलायचा विषय निघाला की पहिलं नाव येतं एनव्ही-४५००चं. बिडाची बॉडी, वजन साधारण ८८ किलो, मुळात अवजड पिकअपसाठी बनवलेला. मजबुतीबद्दल वाद नाही. पण बहुतेक रँग्लरना तो लागत नाही, आणि बसवताना जो पैसा ॲडॉप्टर, शाफ्ट, क्रॉसमेंबरवर (गिअरबॉक्स तोलून धरणारा आडवा दांडा) जातो त्यात गाडीची खरी दुखणी बरी झाली असती. त्यामुळे सुरुवात गाडीखाली झोपून करा.

आत्ता गाडीत काय आहे

२.५ लिटरच्या चार सिलिंडर इंजिनामागे २००२ पर्यंत एएक्स-५ गिअरबॉक्स आहे. ४.२ लिटरच्या सहा सिलिंडरला सुरुवातीला, म्हणजे १९८९च्या मध्यापर्यंत, प्युजोचा बीए-१०/५ मिळाला. त्यानंतरच्या ४.२ला आणि १९९१ पासूनच्या ४.० लिटरला १९९९ पर्यंत एएक्स-१५ आहे. २००० ते २००४ एनव्ही-३५५०, शेवटची दोन वर्षं सहा गिअरचा एनएसजी-३७०. मधल्या एखाद्या मालकाने काही बदललं असेल तर कागदावरच्या वर्षाचा उपयोग नाही. बॉडीचा जोड बघा. बीए-१०/५ ची बॉडी लांबीत दुभंगलेली असते, जोडाची रेघ पुढून मागे जाते. ऐसिन कंपनीच्या एएक्स-५ आणि एएक्स-१५मध्ये जोड आडवा असतो आणि मधे एक प्लेट अडकवलेली दिसते.

बीए-१०/५ असेल तर विचार करत बसू नका, काढा. भार आला की त्या दोन अर्ध्या बॉडी ताणल्या जातात, शाफ्टमधलं अंतर बदलतं, दातांची बैठक बिघडते आणि बेअरिंग जातात. तो ओव्हरहॉल करून पुन्हा बसवणं म्हणजे तोच खर्च दोनदा करणं.

एएक्स-५ची गोष्ट वेगळी. २.५ लिटरचं इंजिन जेमतेम १९० न्यूटन-मीटर टॉर्क देतं, कंपनीच्या टायरवर हा गिअरबॉक्स वर्षानुवर्षं चालतो. ३३ इंची टायर घातले, मूळ ॲक्सल रेशो (चाक एकदा फिरायला प्रोपेलर शाफ्ट किती वेळा फिरतो तो आकडा) तसाच ठेवला आणि दगडात चाक उडून परत पकडलं, की तो मरतो. इथे दोष निम्मा टायरचा आहे.

आधी गणित, मग गिअरबॉक्स

फर्स्ट गिअरचा रेशो, ट्रान्सफर केसच्या (जोर पुढच्या-मागच्या ॲक्सलला वाटणारी पेटी) लो रेंजचा, म्हणजे तिच्या संथ पण जोरदार गिअरचा, रेशो आणि ॲक्सलचा रेशो यांचा गुणाकार करा. एनपी-२३१ ट्रान्सफर केसची लो रेंज २.७२ आहे. एएक्स-१५चा फर्स्ट ३.८३. ॲक्सल ४.१० धरला तर ३.८३ × २.७२ × ४.१० म्हणजे सुमारे ४३. तीच गाडी ३.०७च्या ॲक्सलवर ३२ वर येते, आणि खडकाळ चढावर क्लच जाळायला तेवढं पुरतं.

आता एनव्ही-४५०० घ्या. फर्स्ट ५.६१, गुणाकार सुमारे ६३. मोहात पडण्यासारखा आकडा. पण एएक्स-१५ तसाच ठेवून एनपी-२३१ मध्ये ४:१ची लो रेंज किट बसवली तरी ३.८३ × ४ × ४.१०, म्हणजे ६३च येतात. शिवाय फर्स्ट टाकून रस्त्यावर निघताना गाडी ट्रॅक्टरसारखी वागत नाही.

गिअरबॉक्सच्या मागे जेवढं रिडक्शन (वेग कमी करून टॉर्क वाढवणं) असेल तेवढा गिअरबॉक्सवरचा ताण कमी होतो. चाकाला फिरवायला लागणारा टॉर्क तोच, पण लो रेंज आणि ॲक्सल त्यातला मोठा वाटा उचलतात. उलट, खोल फर्स्ट गिअर गिअरबॉक्सच्या आतच असेल तर वाढलेला टॉर्क ट्रान्सफर केस आणि प्रोपेलर शाफ्टच्या माथी जातो. म्हणून टायर वाढवले असतील तर आधी क्राउन-पिनियन (ॲक्सलचा रेशो ठरवणारी गिअरची जोडी) बदला. २८ इंचावरून ३३ इंचावर गेलात की ४.१०चा ॲक्सल प्रत्यक्षात साडेतीनच्या आसपास वागतो. मूळचा जोर परत मिळवायला ४.८३ हवा, बाजारात ४.८८ मिळतो. तो बसवल्यावर ३३च्या टायरवर, एएक्स-१५च्या पाचव्या गिअरमध्ये (०.७९), १०० किमी वेगाला इंजिन २४५०च्या आसपास फिरेल. ४.१०वर हाच आकडा २०५०च्या जवळ राहतो, आणि २.५ लिटरचं इंजिन तिथे चढावर दम टाकतं. पाचवा गिअर नावापुरता उरतो.

हे सगळं करूनही गिअरबॉक्स बदलायचाच असेल, तर सहा सिलिंडरच्या किंवा २.५ लिटरच्या रँग्लरला एएक्स-१५ पुरतो. ४.० लिटरचं इंजिन ३०० न्यूटन-मीटरच्या आसपास आहे, तेवढं तो निवांत झेलतो.

एएक्स-१५ विकत घेताना

रँग्लर किंवा चेरोकीमधलाच घ्या. आणि शक्य असेल तर १९९४चा किंवा त्यानंतरचा. त्याआधीच्या एएक्स-१५मध्ये क्लचचा स्लेव्ह सिलिंडर (तेलाच्या दाबाने क्लच सोडवणारा) बेल हाउसिंगच्या, म्हणजे क्लचभोवतीच्या आवरणाच्या, आत, इनपुट शाफ्टभोवती असतो. तो गळला की गिअरबॉक्स खाली उतरवण्यावाचून इलाज नाही. नंतरच्यात तो बाहेर, दोन नटांवर. जुना गिअरबॉक्स स्वस्त मिळाला तर नव्या पद्धतीवर आणता येतो, पण त्यासाठी बेल हाउसिंग, क्लच फोर्क, रिलीज बेअरिंग आणि गिअरबॉक्सच्या तोंडावरचा बेअरिंग रिटेनर हे चारही लागतात. रिटेनर बहुतेक जण विसरतात.

दुकानात उभं राहून चार गोष्टी तपासा. ड्रेन प्लग उघडून तेल बोटावर घ्या: पितळेची बारीक सोनेरी चमक जुन्या सिंक्रो रिंगची (गिअर टाकताना वेग जुळवणारी कडी), ती चालेल, पोलादाची पापुद्र्यासारखी कपची निघाली तर परत फिरा. इनपुट शाफ्ट हाताने वरखाली हलवा, थोडा खेळ असतोच, पण टकटक आवाज नको. प्रत्येक गिअर टाकून शाफ्ट फिरवा आणि कुठे अडकतो, खरखरतो ते ऐका. लिव्हर सैल, डोलणारा असेल तर घाबरू नका, बहुधा लिव्हरखालचा प्लास्टिकचा बुश गेलेला असतो आणि तो किरकोळ खर्चात बदलतो. विक्रेत्याला मात्र हे सांगू नका, भाव तिथेच कमी होतो.

इनपुट शाफ्टच्या टोकाचा व्यास व्हर्नियरने मोजा. एएक्स-१५मध्ये तो दोन मापांत सापडतो, १५ मिलिमीटर आणि १९ मिलिमीटर. पायलट बेअरिंग (क्रँकच्या मागे बसून हे टोक धरणारं) त्याप्रमाणे घ्यायचं. वर्षावरून अंदाज करून मागवलेलं बेअरिंग बसत नाही, आणि ते कळतं तेव्हा गाडी जॅकवर असते.

जोडणी कुठे अडते

४.२ आणि ४.० लिटर या दोन्ही इंजिनांचा बेल हाउसिंगचा बोल्ट पॅटर्न एकच. त्यामुळे बीए-१०/५ काढून एएक्स-१५ बसवणं सरळ काम आहे. फक्त ४.० लिटरचा क्रँक सेन्सर बेल हाउसिंगवर बसतो आणि फ्लायव्हीलवरच्या खाचा वाचतो. तिथे सेन्सरची खिडकी असलेलंच बेल हाउसिंग आणि मूळचंच फ्लायव्हील हवं, नाहीतर इंजिन सुरूच होत नाही.

२.५ लिटरचा पॅटर्न निराळा आहे, ४.०चं बेल हाउसिंग त्याला लागत नाही. यावरचा उपाय डॉज डकोटाकडे आहे. १९९६ ते २००२च्या डकोटात हेच २.५ लिटरचं इंजिन एएक्स-१५सोबत आलं, आणि त्या पिकअपचं बेल हाउसिंग दोघांना नीट जोडतं. गिअरबॉक्स मात्र जीपचाच घ्या, डकोटाचा टू-व्हील ड्राइव्ह असेल तर त्याच्या मागे ट्रान्सफर केस लागणार नाही. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग डकोटाच्या २.५चा संच म्हणून घ्या. एएक्स-५ची प्लेट १ इंच, १४ स्प्लाइनची (शाफ्टवर अडकणाऱ्या उभ्या खाचा). एएक्स-१५ला १⅛ इंच, १० स्प्लाइनची लागते.

मागच्या बाजूला ट्रान्सफर केस. एएक्स-५च्या आउटपुट शाफ्टला २१ स्प्लाइन, एएक्स-१५ला २३. एनपी-२३१ तीच ठेवता येते, पण तिचा इनपुट गिअर २३ स्प्लाइनचा घालावा लागतो. तो कमी-जास्त लांबीत येतो, जुना काढून शेजारी ठेवून मापल्याशिवाय मागवू नका.

एनव्ही-३५५० आणि एनव्ही-४५००

एनव्ही-३५५० घसघशीत आहे, रिव्हर्सलाही सिंक्रो आहे, फर्स्ट ४.०१. गाडीत आधीपासून असेल तर ठेवा. मुद्दाम शोधून एएक्स-१५च्या जागी बसवण्याइतका फरक नाही.

एनव्ही-४५०० तेव्हा, जेव्हा व्ही-८ इंजिन आणि ३७ इंची टायर दोन्ही ठरलेले असतील. वायजे आणि टीजेचा व्हीलबेस ९३.४ इंच, म्हणजे २३७ सेंटिमीटर. त्यात हा लांब गिअरबॉक्स ॲडॉप्टरसह बसला की ट्रान्सफर केस मागे सरकते, मागचा प्रोपेलर शाफ्ट आखूड होतो आणि त्याचा कोन वाढतो. मग स्लिप योक (सरकता जोड) काढून फिक्स्ड योकची किट, डबल जॉइंटचा शाफ्ट आणि पिनियनचं तोंड ट्रान्सफर केसकडे वळवणं हे तिन्ही आलं. ॲडॉप्टर वापरताना बेल हाउसिंगचं मधलं भोक क्रँकशी एकमध्य आहे का ते डायल गेजने बघा, ०.२५ मिलिमीटरच्या पुढे फरक गेला तर ऑफसेट डॉवेल (मध्य सरकवणारी पिन) लावून सुधारा. हे टाळलं की इनपुट बेअरिंग आणि पायलट बेअरिंग पुन्हापुन्हा जातात, आणि शिव्या गिअरबॉक्सला बसतात.

त्याहून जुन्या सीजे जीपला, आणि त्याच घराण्यातल्या महिंद्राच्या सीजे-३बीला, हेच गणित लागू होतं. तिथला टी-९० तीन गिअरचा, फर्स्ट २.८०, त्याला सिंक्रो नाही. स्पायसर-१८ ट्रान्सफर केसची लो रेंज २.४६ आणि ५.३८चा ॲक्सल धरला तर गुणाकार ३७. चार गिअरचा टी-९८ घातला (फर्स्ट ६.४०) तर तो ८५ वर जातो. टी-१८ गिअरबॉक्स घेताना फर्स्टचा रेशो विचारा, ४.०२ आणि ६.३२ अशा दोन जाती आहेत आणि बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात.

बसवताना

गिअरबॉक्स खाली घ्यायच्या आधी क्रँक सेन्सर काढा, नाहीतर तो चिरडतो. ४.०च्या बेल हाउसिंगचे वरचे दोन बोल्ट ई-१२ उलट्या टॉर्क्सचे असतात. क्रॉसमेंबर सोडून गिअरबॉक्सचं शेपूट खाली झुकवलं की लांब एक्स्टेंशन लावून मागून ते हाताशी येतात.

फ्लायव्हील फेस, म्हणजे घासून सपाट, करून घ्या. क्लच प्लेट अलाइनमेंट टूलने मधोमध धरून प्रेशर प्लेट आवळा. गिअरबॉक्स चढवताना शेवटचा सेंटिमीटर राहिला आणि पुढे सरकत नसेल तर बोल्टने ओढू नका. प्लेट सरकलेली असते किंवा स्प्लाइन जुळलेले नसतात. गिअर टाकून आउटपुट शाफ्ट थोडा फिरवा. बोल्टने ओढलं की ॲल्युमिनियमचा कान तुटतो, नाहीतर पायलट बेअरिंग चेपतं. आणि गिअरबॉक्सचं वजन इनपुट शाफ्टवर लोंबकळू देऊ नका, क्लच प्लेटचं हब वाकतं आणि मग क्लच सुटत नाही.

तेलाच्या बाबतीत गॅरेजवाल्यावर सोडू नका. एएक्स-५ आणि एएक्स-१५ला जीएल-३ प्रतीचं ७५डब्ल्यू-९० गिअर ऑइल लागतं. ॲक्सलसाठी आणलेलं जीएल-५ त्यातच ओतलं जातं. त्यातली गंधकयुक्त रसायनं पितळी सिंक्रो रिंग खातात, शिवाय ते जास्त निसरडं असल्याने रिंगला पकड मिळत नाही आणि गिअर करकरतात. एएक्स-१५मध्ये सव्वातीन लिटरच्या जरा आत बसतं, पण लिटर मोजण्यापेक्षा गाडी सपाट जागी ठेवून फिल होलच्या खालच्या कडेतून ओघळेपर्यंत भरा. एनव्ही-३५५० आणि एनव्ही-४५०० यांची तेलं वेगवेगळी आहेत, एकाचं दुसऱ्यात घालू नका.

पहिलं तेल हजार किलोमीटरच्या आत काढा आणि स्वच्छ ताटलीत ओतून बघा. नवीन रिंग बसताना थोडी पितळी धूळ येतेच. दुसऱ्या बदलीलाही तेवढीच आली, आणि दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला करकर असेल, तर क्लच पूर्ण सुटतो का ते आधी तपासा. स्लेव्ह सिलिंडरमधली हवा नीट काढलेली नसली की हेच लक्षण दिसतं, आणि लोक चांगला गिअरबॉक्स पुन्हा खोलतात.