जुनी गिटार विकताना

गिटार विकायला काढली तर पहिल्याच ग्राहकाने न बघताच होकार दिला, जास्त रक्कम भरल्याचा स्क्रीनशॉट धाडला आणि वरचे पैसे परत मागितले. खात्यात छदामही आला नव्हता. त्याला तिथेच ब्लॉक केलं.

मग जाहिरात बदलली. सहाही तारा वाजवतानाचा व्हिडिओ, झिजलेल्या फ्रेट्सचे (गिटारच्या मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांचे) जवळून फोटो, सिरियल नंबरचे शेवटचे आकडे झाकलेले. खोट आधीच दाखवली की घासाघीस कमी होते, हे माझं मत.

पुढचा ग्राहक परगावचा. बँकेच्या ॲपमध्ये पैसे दिसल्यावरच पार्सल केलं. तारा थोड्या सैल केल्या, हेडस्टॉकभोवती, म्हणजे खुंट्या असलेल्या टोकाभोवती, आणि मानेखाली कापड गच्च भरलं (धक्का बसला की मोडतं ते बहुधा तिथेच) आणि पॅकिंगचं चित्रीकरण जपून ठेवलं. पैसे ‘पाठवायला’ ओटीपी मागणाऱ्यांना उत्तरच देत नाही.