टोमॅटोला पानावरून खत: कोकणातल्या परसबागेसाठी थंडीतला सल्ला

भातकापणी उरकून परसात टोमॅटोची रोपं लावली, त्याला आता पाच-सहा आठवडे झाले असतील. पहिले घोस फुलले आहेत आणि खालची पानं पिवळी पडायला लागली आहेत. नेमक्या याच वेळी विद्राव्य, म्हणजे पाण्यात विरघळणाऱ्या खताची पुडी घरात येते आणि फवारा सुरू होतो. फवारणी उपयोगी आहे, मीही दर हंगामात करते. पण ती कशासाठी करायची हे आधी ठरवा, कारण पानावरून झाडाचं पोट भरत नाही.

हिशोब करून बघा. १९:१९:१९, म्हणजे नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅश) प्रत्येकी १९ टक्के असलेलं खत, लिटरला ५ ग्रॅम घातलं, तर त्या लिटरभर पाण्यात नत्र येतं एक ग्रॅमहूनही थोडं कमी. तेवढं पाणी दहा झाडांना पुरतं. म्हणजे एका झाडाच्या वाट्याला ०.१ ग्रॅम, आणि त्यातलंही काही खाली ठिबकतं. तीन किलो फळ देणाऱ्या झाडाला मात्र हंगामभरात साधारण सात-आठ ग्रॅम नत्र लागतं. ते मुळांकडूनच यायला हवं. आळ्यात कुजलेलं शेणखत आणि फुलोऱ्याला गांडूळखताची मूठ-दोन मूठ भर, एवढं झालेलं नसेल तर पुडी बाजूला ठेवा आणि आधी ते करा.

मग फवारणी कशाला? तर आपल्या जांभ्या मातीसाठी. चार महिने कोसळणारा पाऊस मातीतला चुना, मॅग्नेशियम, बोरॉन धुऊन नेतो. माती आंबट होते, आणि आंबट मातीतलं लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरदाला धरून ठेवतात. मॅग्नेशियम आणि बोरॉन झाडाला थोडकेच लागतात, पण नसले तर सगळं अडतं. अशी थोडक्यातली गरज पानावरून भागते.

कमी काय आहे ते पानच सांगतं. खालची जुनी पानं सरसकट फिकी पिवळी झाली तर नत्र कमी. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, तेही खालच्या पानांवर, तर मॅग्नेशियम. त्यासाठी मॅग्नेशियम सल्फेट लिटरला ५ ग्रॅम, दहा दिवसांच्या अंतराने दोनदा. जुन्या पानांच्या कडा करपल्यासारख्या झाल्या तर पालाश. तेव्हा ०:०:५०, म्हणजे नुसत्या पालाशाचं खत, लिटरला ५ ग्रॅम फवारा. चुलीची राख आळ्यात मूठभर घातली तर तीही उपयोगी पडते. शेंडा खुरटला, कोवळी पानं ठिसूळ झाली, तर बोरॉनचा संशय घ्यावा. फवारणीचं २० टक्के बोरॉन लिटरला १ ग्रॅम, फुलोऱ्यात एकदा, फार तर दोनदा. बोरॉनच्या कमतरतेत आणि विषबाधेत अंतर फार थोडं असतं, म्हणून इथे चमच्याने अंदाज नको, वजन करूनच घ्या.

आता बुडकुजीबद्दल, कारण सगळ्यात जास्त निराशा तिच्यामुळेच होते. फळाच्या बुडाला काळा, दबलेला, चामड्यासारखा डाग पडतो. ही कीड नाही आणि बुरशीही नाही, फळाला कॅल्शियम पोचलेलं नसतं. कॅल्शियम झाडात पाण्याच्या ओघाबरोबर वर चढतं. पानं बाष्प सोडतात म्हणून ओढ त्यांच्याकडे जास्त, कोवळ्या फळाकडे कमी. आणि एकदा पानात गेलेलं कॅल्शियम तिथून फळाकडे वळत नाही. म्हणून कॅल्शियम नायट्रेट, लिटरला ५ ग्रॅम, नुसतं पानांवर मारून उपयोग नाही. सुपारीएवढी कोवळी फळं भिजली पाहिजेत. काळं पडलेलं फळ सुधारत नाही, ते तोडून टाका. खरं औषध पाण्याच्या शिस्तीत आहे. दोन दिवस कोरडं आणि तिसऱ्या दिवशी घागरभर, असं करू नका. रोज किंवा दिवसाआड सारखं पाणी आणि बुडाशी भाताच्या पेंढ्याचं जाड आच्छादन, एवढ्याने निम्मी बुडकुज थांबते असा माझा अनुभव आहे. अंड्याच्या कवचांची पूड अवश्य घाला, पण ती पुढच्या हंगामासाठी, कारण ती सावकाश विरघळते.

कॅल्शियम नायट्रेट दुसऱ्या कुठल्याही खतात मिसळू नका. सल्फेट किंवा स्फुरदाबरोबर आलं की पांढरा गाळ बसतो, नोझल तुंबतं आणि खत वाया जातं. दोन फवारण्यांत चार-पाच दिवस ठेवा.

वेळेबद्दल बहुतेक ठिकाणी संध्याकाळ सांगितलेली असते. किनारपट्टीवर मला ते पटत नाही. आपल्याकडे थंडीत रात्रभर दव पडतं. संध्याकाळी भिजलेलं पान सकाळपर्यंत ओलंच राहतं, आणि करपा या बुरशीच्या रोगाला तेवढंच हवं असतं. सकाळी दव सुकल्यावर, ऊन तापायच्या आत फवारा. ते नाही जमलं तर दुपारी चारच्या सुमाराला, म्हणजे सूर्य बुडायच्या आत पान सुकतं. भर उन्हात कधीच नको: पाणी उडून जातं, क्षार पानावर राहतात आणि पान पोळतं. ढगाळ, दमट दिवस लागले असतील तर फवारणी पुढे ढकला. बारीक तुषार हवेत, पानाच्या खालच्या बाजूलाही, आणि थेंब गळायला लागण्याआधी हात थांबला पाहिजे.

पाणी गोडंच घ्या. किनाऱ्यालगतच्या विहिरी जसजसं ऊन वाढतं तसतशा मचूळ होतात, आणि तसल्या पाण्यात खत घातलं की क्षारांवर क्षार चढतात. जिभेला मचूळ लागलं तर ते फवाऱ्यात नको.

घरचं घालायचं असेल तर गांडूळपाणी एकाला दहा भाग पाण्यात, किंवा गोमूत्र एकाला वीस, फडक्यातून गाळून. मासे धुतलेलं पाणी पानांवर मुळीच नको. ते आळ्यात, बुडापासून वीतभर लांब ओता. सुक्या मासळीच्या पाण्यात मीठ असतं, ते आळ्यातही नको.

हिरवंगार झाड दुपारी अचानक माना टाकतं आणि संध्याकाळीही सावरत नाही, तेव्हा खत शोधू नका. बुडाजवळचं खोड कापून पेल्यातल्या स्वच्छ पाण्यात टांगा. दुधासारखी धार सुटली तर ती जिवाणूजन्य मर. आपल्या उबदार, आंबट मातीत ती नेहमीचीच आहे. झाड मुळासकट काढा आणि त्या जागी दोन-तीन वर्षं टोमॅटो, वांगी, मिरची लावू नका. पुढच्या खेपेला अर्का रक्षकसारखं मर सोसणारं वाण निवडा. शेंड्याची पानं आखडून वर वळली असतील तर तो पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू असू शकतो. त्यावरही खताची मात्रा चालत नाही, झाड उपटावं.

मार्चनंतर रात्रीही उकडायला लागतं. तेव्हा फुलं गळतात ती उष्म्याने, बोरॉन कितीही मारलं तरी थांबत नाहीत. तोवर लागलेली फळं पिकवून घ्या आणि फवारा धुऊन, उपडा करून ठेवा.