कोब्याखालची हवा: पुण्याहून येऊन अमेरिकेत पहिलं घर घेणाऱ्यांसाठी रेडॉनच्या खर्चाचा हिशोब

पुण्यात घर घेताना आपण टायटल तपासून घेतो, टँकर लागतो का ते विचारतो, ऊन कुठल्या बाजूने येतं ते बघतो. रेडॉन, म्हणजे जमिनीतून घरात शिरणारा किरणोत्सारी वायू, हा शब्द तिथे कुणाच्या तोंडी नसतो, आणि त्याला कारण आहे. पुणं दख्खनच्या काळ्या कातळावर बसलं आहे आणि या बेसॉल्टमध्ये युरेनियम ग्रॅनाइटच्या मानाने बरंच कमी असतं. शिवाय कोथरूड-बाणेरच्या सोसायट्यांत खाली पार्किंग, घर चौथ्या-पाचव्या मजल्यावर आणि खिडक्या बहुतेक वर्षभर उघड्या. जमिनीतून काही वर आलंच, तर ते पार्किंगमधूनच वाऱ्यावर जातं. अमेरिकेतलं घर मात्र थेट जमिनीवर उभं असतं, पुष्कळदा निम्मं जमिनीच्या पोटात असतं, आणि थंड राज्यांत नोव्हेंबर ते मार्च खिडकी उघडायची सोय नसते. म्हणून पहिल्या घराच्या वेळी घराची तपासणी करणारा इन्स्पेक्टर ‘रेडॉन टेस्ट करायची का?’ असं विचारतो, तेव्हा नव्याने आलेले लोक गडबडतात. कुणी दीडशे डॉलर वाचवायला ‘नको’ म्हणून टाकतं, तर कुणी रिपोर्टात ६.२ हा आकडा बघून आवडलेलं घर सोडून देतं. या दोन्ही चुका टाळता येतात.

जमिनीतल्या युरेनियमचा ऱ्हास होताना मधल्या टप्प्यावर रेडियम आणि त्यातून हा वायू तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. हिवाळ्यात घरातली गरम हवा वर चढून माळ्यातून निसटते आणि तिची जागा भरायला घर खालून, म्हणजे कोब्याच्या भेगांतून, सम्पच्या (बेसमेंटमध्ये झिरपणारं पाणी जमा करणाऱ्या) खड्ड्यातून, पाइपांच्या भोवतालच्या फटींतून हवा ओढतं. त्या हवेबरोबर रेडॉन आत येतो. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या, म्हणजे ईपीएच्या अंदाजाने त्या देशात फुप्फुसाच्या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंपैकी वर्षाला सुमारे २१,००० मृत्यूंचं मूळ रेडॉनमध्ये आहे. धूम्रपानाखालोखाल हेच कारण. घरात कुणी सिगारेट ओढत असेल तर धोका कितीतरी पटींनी वाढतो.

मोजमाप पिकोक्युरी प्रति लिटर या किरणोत्साराच्या एककात सांगतात. बाहेरच्या हवेत सरासरी ०.४, घरांत सरासरी १.३. आकडा ४ किंवा त्यावर असेल तर दुरुस्ती करा, २ ते ४ च्या मध्ये असेल तर विचार करा, असं ईपीए सांगते. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा २.७ च्या आसपास येते. आमचं मत असं, की बेसमेंटमध्ये कुणी झोपत असेल तर आकडा ३ असला तरी दुरुस्ती करून घ्यावी. पुण्याहून आई-बाबा सहा-सहा महिने राहायला येतात, तेव्हा त्यांची खोली बहुतेक वेळा खालीच असते आणि दिवसाचा बराच वेळ ते घरातच असतात.

रेडॉन कुठे जास्त मिळतो हे ढोबळपणे ईपीएच्या काउंट्यांच्या, म्हणजे जिल्ह्यांच्या नकाशावरून कळतं. आपल्या माणसांची जिथे दाटी आहे त्यांपैकी न्यू जर्सीतल्या सॉमरसेट, मर्सर आणि मॉरिस या काउंट्या पहिल्या, म्हणजे सर्वाधिक शक्यतेच्या गटात आहेत. एडिसन ज्या मिडलसेक्समध्ये येतं ती दुसऱ्या गटात. कोलंबसची फ्रँकलिन काउंटी, मिनीॲपोलिसची हेनेपिन, अटलांटाकडच्या फुल्टन आणि ग्विनेट याही पहिल्याच. आयोवा तर अख्खं राज्य. पण नकाशा बघून टेस्ट टाळू नका. शेजारच्या घरात १.५ आणि तुमच्याकडे ९ असं होऊ शकतं, कारण फरक कोब्याखालच्या मातीचा आणि भेगांचा असतो.

घरबसल्या करायचा कोळशाच्या डबीचा किट साधारण १५ ते ३० डॉलरला मिळतो, लॅबची फी बहुधा त्यातच असते. काही राज्यांच्या रेडॉन कार्यालयांकडून तो फुकट किंवा सवलतीत मिळतो, विशेषतः जानेवारीत. घराच्या सौद्यात मात्र ४८ तासांचं इलेक्ट्रॉनिक यंत्र लावायला सांगा. त्याचे १२५ ते ३०० डॉलर पडतात, पण ते दर तासाचा आकडा नोंदवतं, त्यामुळे मध्ये कुणी खिडक्या उघडून ठेवल्या तर ते आलेखात दिसतं. टेस्टच्या आधी १२ तास आणि टेस्ट चालू असेपर्यंत खिडक्या-दारं बंद हवीत. येण्याजाण्यापुरतं दार उघडलं तर चालतं. किट घरातल्या वापरातल्या सर्वांत खालच्या मजल्यावर, जमिनीपासून किमान २० इंच उंच, खिडक्या-दारांपासून ३ फूट लांब ठेवायचा. स्वयंपाकघर आणि बाथरूम नको. पहिला आकडा ८ च्या वर आला तर लगेच दुसरी छोटी टेस्ट करा. ४ ते ८ च्या मध्ये आला आणि घाई नसेल, तर ९० दिवसांहून लांब चालणारी टेस्ट जास्त खरं सांगते.

बिल आकडा ठरवत नाही, पाया ठरवतो

नवीन माणसाला वाटतं, ५ आला म्हणजे स्वस्तात सुटलो आणि ४० आला म्हणजे दिवाळं. तसं नसतं. १९८४ मध्ये पेनसिल्व्हेनियात स्टॅनली वॉट्रास हा अणुवीजकेंद्रातला इंजिनिअर कामावर आत शिरतानाच किरणोत्साराचा अलार्म वाजवू लागला, आणि मूळ सापडलं त्याच्या घरात: सुमारे २,७०० पिकोक्युरी. तेही घर दुरुस्त झालं आणि कुटुंब परत राहायला गेलं. पद्धत सगळीकडे तीच असते. कोब्याखालची हवा घरात शिरण्याआधी पाइपने ओढायची आणि छपराच्या वर सोडायची.

पुण्यात सोलिंग करून वर पीसीसी टाकतात ते डोळ्यांसमोर आणा. बऱ्यापैकी नव्या अमेरिकन घरात चार इंच खडी, त्यावर प्लॅस्टिक, त्यावर साधारण चार इंच काँक्रीट असतं. अशा ठिकाणी एकच भोक पुरतं. कोअर कटिंगने पाच इंचांचं छिद्र पाडतात, खालून एक-दोन बादल्या खडी-माती काढून पोकळी करतात, त्यात ३ किंवा ४ इंची शेड्यूल ४० (जाडीचा दर्जा) पीव्हीसी पाइप उभा करतात, वर पंखा बसवतात. दोन माणसांचं चार-पाच तासांचं काम. याचे ८०० ते २,५०० डॉलर लागतात आणि बहुतेक घरं १,२०० ते १,५०० च्या आसपास सुटतात. रुपयांत गुणलं तर लाखाच्या वर जातं, पण घराच्या किमतीपुढे आणि नव्या एसीच्या खर्चापुढे ही रक्कम छोटी आहे.

बिल वाढतं ते पुढच्या कारणांनी. कोब्याखाली खडी नसून चिकणमाती असेल, तर ओढ एका कोपऱ्यापलीकडे पोचत नाही. मग दुसरं, कधी तिसरं भोक लागतं आणि जास्त ओढीचा पंखा लागतो. ३०० ते ८०० डॉलर वाढले समजा. जुन्या घराला पुढे खोली वाढवली असेल तर दोन वेगळे कोबे होतात आणि दोन्हींची स्वतंत्र सोय करावी लागते. भिंती पोकळ काँक्रीट ब्लॉकच्या असतील तर वायू ब्लॉकच्या पोकळीतून चढतो आणि ब्लॉकांची उघडी तोंडं बुजवावी लागतात. बेसमेंटला फरशी-भिंती करून सजवलेलं असेल तर भेगा दिसतच नाहीत. आणि घराखाली क्रॉलस्पेस, म्हणजे सरपटत जावं लागेल अशी मातीची पोकळी असेल, तर ती किमान ६ मिल (एक मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जाडीच्या प्लॅस्टिकने अंथरून, भिंतींना चिकटवून, त्याखालून हवा ओढतात. तिथे १,५०० ते ३,५०० डॉलर लागतात, आणि जागा मोठी किंवा ओली असेल तर त्याहून जास्त.

पाइप कुठून न्यायचा यावरही पैसे ठरतात. बाहेरच्या भिंतीवरून नेणं स्वस्त. आतल्या कपाटातून किंवा गॅरेजमधून माळ्यावर नेणं काहीशे डॉलर महाग, पण मिनेसोटासारख्या थंडीत तेच करा. जमिनीतली हवा दमट असते, बाहेरच्या पाइपात तिचं पाणी होतं आणि कडाक्यात बर्फ धरतं.

काम कुठे बिघडतं

सर्वांत वाईट चूक म्हणजे पंखा बेसमेंटमध्ये किंवा राहत्या भागात बसवणं. पंख्याच्या वरचा पाइप दाबाखाली असतो. त्याचा एक सांधा सुटला की जो वायू बाहेर जायचा तो एकवटून घरातच येतो. पंखा माळ्यावर, बाहेर, किंवा वर खोली नसलेल्या गॅरेजमध्येच हवा. पाइपचं तोंड जमिनीपासून १० फुटांच्या वर, छपराच्या कडेच्या वर, आणि खिडकीपासून १० फूट लांब, किंवा खिडकीच्या माथ्यापेक्षा किमान २ फूट उंच. खिडकीशेजारी तोंड सोडलेलं काम स्वस्त असेल तरी पैसे देऊ नका.

सम्पच्या खड्ड्याला हवाबंद झाकण नसेल तर पंखा जमिनीतली हवा सोडून घरातली गरम केलेली हवा ओढत बसतो: आकडा उतरत नाही आणि हीटिंगचं बिल वाढतं. आडव्या पाइपला फुटाला अष्टमांश इंच उतार जमिनीकडे हवा. मध्ये पोट पडलं तर पाणी साठतं, गुळगुळ आवाज येतो आणि ओढ अधूनमधून तुटते. आणखी एक धोका कमी लोकांना माहीत असतो. पंख्याची ओढ फार झाली आणि घरात जुन्या पद्धतीचा गॅसचा गीझर किंवा फर्नेस (घर गरम करणारी भट्टी) असेल, तर चिमणीतला धूर उलटा घरात येऊ शकतो. काम झाल्यावर ही तपासणी करून घ्या, आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बेसमेंटमध्ये लावाच.

फक्त भेगा बुजवून रेडॉन जात नाही. एअर प्युरिफायरने वायू जात नाही. ‘एक हजारात इपॉक्सीचा रंग मारून देतो’ म्हणणाऱ्याला नमस्कार करून पाठवा.

कोटेशन तीन घ्या आणि प्रत्येकाला हे विचारा: ओढ किती लांब पोचते हे बारीक भोक पाडून बघणार का? पंख्याचं मॉडेल कोणतं? पाइप कुठून जाणार? सम्पचं झाकण, भेगांची पॉलियुरेथेनची भरणी, वीजजोडणी आणि परमिट किमतीत आहे का? आकडा ठरलेल्या पातळीखाली गेला नाही तर पुढचं काम फुकट करणार का? ही हमी लेखी हवी. ‘४ च्या खाली’ एवढ्यावर समाधान मानू नका, २ च्या खाली मागा; बहुतेक घरांत ते जमतं. न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, ओहायो, इलिनॉय इथे राज्याचं प्रमाणपत्र लागतं. जिथे तसा नियम नाही तिथे एनआरपीपी किंवा एनआरएसबी या रेडॉनचं काम करणाऱ्यांना प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांची नोंदणी बघा. फोनवर घर न बघता पक्की किंमत सांगणारा पाया बघायच्या आधीच बोलतो आहे, हे लक्षात ठेवा.

घर विकत घेत असाल तर इन्स्पेक्शनची मुदत संपायच्या आत रिपोर्ट हातात हवा, म्हणजे यंत्र पहिल्या दोन-तीन दिवसांतच लागलं पाहिजे. आकडा ४ च्या वर आला तर विकणाऱ्याने काम करून द्यावं किंवा पैसे सोडावेत, असं दोन प्रकारे ठरतं. पैसे घ्या असं आम्ही सांगू. विकणारा स्वाभाविकच सर्वांत स्वस्त माणूस बोलावतो, आणि त्या घरात राहायचं तुम्हाला असतं. आधीच सिस्टिम असलेलं घर मिळालं तर ती जमेची बाजू धरा, फक्त नवीन टेस्ट करून घ्या.

टाउनहाउस घेणाऱ्यांनी आधी असोसिएशनची लेखी परवानगी घ्यावी. बाहेरच्या भिंतीवर आणि छपरावर तिचा हक्क असतो आणि उत्तराला महिना लागू शकतो. बिल्डरकडून नवीन घर घेत असाल तर पॅसिव्ह पाइप टाकला आहे का ते विचारा. कोब्याखालून छपरापर्यंत मोकळा पाइप तयार असेल, तर पुढे पंखा जोडायला ३०० ते ७०० डॉलर पुरतात. विहिरीचं पाणी असेल तर पाण्याचीही टेस्ट करा: पाण्यातले १०,००० पिकोक्युरी हवेत साधारण १ ची भर घालतात, आणि हवा मिसळून वायू काढणारं यंत्र काही हजार डॉलरचं असतं.

चालवायचा खर्च असा: ६० वॉटचा पंखा अहोरात्र चालला की वर्षाला सुमारे ५२५ युनिट, म्हणजे १७ सेंटच्या दराने ९० डॉलरच्या आसपास. पंखा कधीच बंद करायचा नसतो, पुण्याला महिनाभर जाताना सुद्धा. त्याचं आयुष्य पाच ते दहा वर्षं. बदलायला मजुरीसकट ३०० ते ६०० डॉलर. पाइपवर यू आकाराची नळी आणि त्यात रंगीत द्रव असतो. दोन्ही बाजूंची पातळी सारखी दिसली तर पंखा ओढत नाही आहे. पहिल्या दिवशीच्या पातळीवर पेनाने खूण करा आणि कपडे धुवायला खाली जाल तेव्हा नजर टाका.

काम झाल्यावर २४ तास जाऊ द्या आणि ३० दिवसांच्या आत पुन्हा टेस्ट करा, शक्यतो काम करणाऱ्याला सोडून दुसऱ्याकडून. मग दर दोन वर्षांनी एकदा, आणि बेसमेंट सजवलं किंवा फर्नेस बदलली तर त्यानंतर लगेच. रिपोर्ट, पंख्याची पावती आणि लेखी हमी घराच्या फाइलमध्ये ठेवा. घर विकताना पुढचा माणूस तीच मागेल.