दमट हवा आली, केएमएस चिमटीने टाकू नका

हवेत ओल वाढली आहे आणि पिकलेले फळ थांबत नाही. दरवर्षी याच दिवसांत स्क्वॅशच्या बाटल्या फसफसून झाकणे उडवतात. फळ चांगले असते, साखरही बरोबर असते. घोळ होतो तो पोटॅशियम मेटाबायसल्फाइटमध्ये, म्हणजे स्क्वॅश टिकवायला घालतात त्या केएमएस भुकटीमध्ये. चिमटीने टाकलेले, तेही गेल्या हंगामातल्या उघड्या पाकिटातले.

ताज्या केएमएसमध्ये वजनाच्या सुमारे 57 टक्के सल्फर डायऑक्साइड असतो. राखण तोच करतो. ओल लागली की तो उडत जातो, भुकटी मात्र पांढरीच दिसते. माझा ठोकताळा: डबा दुरून उघडावा, नाकाला झणका बसला नाही तर भुकटी फेकावी. दमा असलेल्याने हे करू नये.

मात्रा तयार स्क्वॅशच्या किलोला 0.6 ग्रॅम, दहा किलोला 6 ग्रॅम. काटा घ्या. 0.1 ग्रॅम दाखवणारा काटा एका नासलेल्या घाण्यापेक्षा स्वस्तच पडतो.

बाकी नेहमीचे:
- बाटल्या उकळून कोरड्या करणे
- रस गाळणे
- पाक गार झाल्यावरच रस मिसळणे
- केएमएस थोड्या रसात विरघळवून शेवटी घालणे
- लगेच सीलबंद करणे

फळ कमी आंबट असेल तर केएमएस वाढवू नका, सायट्रिक आम्ल वाढवा. पीएच (आंबटपणाचा आकडा, आंबटपणा कमी तसा तो चढतो) 4 च्या वर गेला की सल्फाइटचा, म्हणजे केएमएसचा, जोर ओसरतो. आंबायला लागलेल्या रसात दुप्पट मात्रा ओतणे तर फुकटच, यीस्टने तयार केलेले पदार्थ तो वायू बांधून टाकतात. लाल-जांभळ्या रसाचा रंग सल्फाइटने उडतो, तिथे सोडियम बेंझोएट वापरा.

दुकानदार ‘रंग आणि टिकाऊपणा दोन्ही’ म्हणून महागडी पाकिटे पुढे करतो. घटक आणि खाद्य दर्जा छापलेला नसेल तर हात लावू नका. फवारणीचे गंधक खाण्याच्या वस्तूत अजिबात नको.

‘थोडे जास्त पडले तर काय बिघडते?’ हिशेब करा. एफएओ आणि डब्ल्यूएचओ या जागतिक अन्न आणि आरोग्य संघटनांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीची मर्यादा शरीराच्या दर किलो वजनाला रोज 0.7 मिलिग्रॅम सल्फर डायऑक्साइड, म्हणजे 20 किलोच्या मुलाला 14. बरोबर मात्रेतल्या स्क्वॅशचे 50 ग्रॅम एका पेल्यात गेले तरी सुमारे 17 मिलिग्रॅम होतात. दुप्पट टाकले तर 34. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने तर 2022 मध्ये माहिती अपुरी म्हणून आपली जुनी मर्यादाच मागे घेतली. दम्याच्या काही रुग्णांना याहून कमी सल्फाइटनेही धाप लागते. किलोला 10 मिलिग्रॅम किंवा जास्त सल्फाइट असेल तर कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्न मानकांनुसार ते लेबलवर लिहावेच लागते. तेव्हा बाटली भरली त्याच दिवशी लेबल चिकटवा.